सुभेदारांची शपथ आणि ध्वजस्तंभाचं बिल

विचारणाऱ्याने सविस्तर लिहिलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावातल्या हुतात्मा स्मारकाशेजारी ग्रामपंचायतीने नवा ध्वजस्तंभ आणि कट्टा बांधला. खर्चाचा आकडा कानावर आला तेव्हा या तरुणाने माहिती अधिकारात कागद मागितले. दोन दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तिरंग्याचा हिशेब मागणारा देशद्रोही’ असा मजकूर फिरला. सरपंचाच्या माणसाने ‘गुन्हा दाखल करतो’ असा निरोप धाडला. आणि रात्री जेवताना वडील, म्हणजे त्याचे आबा, म्हणाले, “अर्ज मागे घे. सरकारच्या विरोधात जाणारा या घरात कुणी झाला नाही.” आता त्याला विचारायचंय ते हे: गुन्हा होऊ शकतो का, आणि आबा म्हणतात ते बरोबर आहे का?

मी वकिली करतो. जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयात माझी बरीचशी कामं सरकारविरुद्धची आहेत: तडीपारीचे आदेश, नोकरीतल्या शिक्षा, ग्रामपंचायत सदस्यांची अपात्रता, रिट याचिका. त्या अनुभवावर सांगतो. गुन्ह्याचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेऊ. आबांचा अवघड आहे, आणि खरं तर तुम्हाला झोप लागत नाहीये ती त्या दुसऱ्यामुळे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

निव्वळ माहितीचा अर्ज केल्याबद्दल कुठलाही गुन्हा होत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचीसुद्धा सक्ती नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, परराष्ट्र संबंध यांना बाधा येईल अशी माहिती कलम ८ खाली नाकारता येते, हे खरं. पण तिथेही फार तर अर्ज फेटाळला जातो, अर्जदार आरोपी होत नाही. आणि सिमेंट, ग्रॅनाइट, स्टीलचा पाइप यांच्या बिलात देशाची सुरक्षा कुठे येते, हे मला तरी दिसत नाही.

मात्र काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथे बसून कळणार नाहीत. ग्रुपवर तुम्ही उत्तर दिलंत का, आणि काय भाषेत दिलंत? ‘बिल दाखवा’ म्हणणं आणि ‘अमका चोर आहे’ म्हणणं यात कायद्याच्या दृष्टीने बरंच अंतर आहे. दुसऱ्या वाक्यावर बदनामीची फिर्याद होऊ शकते. तुम्ही सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात का? असाल तर वर्तणूक नियम आडवे येतात. नागरिक म्हणून माहिती मागायला हरकत नसते, पण सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला असते. पोलीस भरती किंवा सैन्यभरतीची तयारी चालू असेल तर चारित्र्य पडताळणीत साधी तक्रारही डोकं वर काढते, तेव्हा प्रत्येक कागद जपून ठेवा. आणि मागच्या निवडणुकीत तुमचं घर पडलेल्या पॅनेलकडे होतं का? त्याने कायद्यात काही फरक पडत नाही, पण गाव तुमचा अर्ज त्याच चष्म्यातून वाचणार, हे धरून चाला.

आता ‘देशद्रोह’. लोक ज्याला देशद्रोहाचं कलम म्हणतात ते भारतीय दंड संहितेचं १२४अ, इंग्रजांनी १८७० मध्ये घातलेलं. ते कशासाठी होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा जुलूम झाला, २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, आणि टिळकांवर ‘केसरी’तल्या मजकुरासाठी खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना सांगितलं की सरकारविषयी प्रेमाचा अभाव असला तरी पुरे. म्हणजे सरकारवर प्रेम करणं हे कायदेशीर कर्तव्य झालं! दीड वर्षाची शिक्षा लागली. १९०८ मध्ये पुन्हा खटला, सहा वर्षं मंडाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात ती शिक्षा ठोठावली, त्याच्या बाहेर आज संगमरवरी फलक आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो लावला. वरच्या मजल्यावर प्रकरण पुकारलं जाण्याची वाट बघताना अनेक वकील तो वाचत उभे असतात.

पण या दोन खटल्यांपेक्षा तुमच्या कामाचा आहे तो १९१६ चा, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलवरच्या व्याख्यानांवरून टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. उच्च न्यायालयात जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि न्यायमूर्ती बॅचलर यांनी तो आदेश रद्द केला. त्या व्याख्यानांत टिळकांनी सरकारचे दोन भाग पाडले होते. एक अदृश्य, म्हणजे राज्यसंस्था. दुसरं दृश्य, म्हणजे कचेऱ्यांत बसलेली, हुकूम काढणारी नोकरशाही. पहिलं मोडायचं नाही, दुसरं मात्र बदलायचं, आणि ते बदला म्हणण्यात काही पाप नाही.

पुढे १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२४अ कायम ठेवलं, पण त्याला जी वेसण घातली ती जवळपास याच धर्तीची. ‘कायद्याने प्रस्थापित सरकार’ वेगळं आणि त्या वेळी कारभार हाकणारी माणसं वेगळी. त्या माणसांवर कितीही कडक टीका केलीत तरी ती राजद्रोह नव्हे; हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू अथवा कल असला तरच कलम लागतं. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगितच ठेवायला लावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम १५२ आहे. शब्द बदललेत, शिक्षा जबर आहे, आणि त्याची व्याप्ती किती यावर वाद चालू आहे. तरी त्याच्या स्पष्टीकरणातसुद्धा सरकारच्या निर्णयाविषयी किंवा प्रशासकीय कृतीविषयी कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली नापसंती गुन्ह्यातून वगळलेली आहे. तुमचा अर्ज हा कायदेशीर मार्गच आहे, आणि तो सरकारनेच छापलेल्या नमुन्यात केलेला आहे.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, हे पुस्तकातलं झालं. गुन्हा टिकणार नाही हे ठीक, पण टिकेपर्यंत माणूस टिकतो का? रास्त आहे. २०१२ मध्ये एका व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम कधी लावायचं याची चौकट आखून दिली. त्यानुसार गृह विभागाने ऑगस्ट २०१५ मध्ये परिपत्रक काढलं, तर त्याच्या शब्दांवरूनच टीका करणाऱ्यांना अडकवता येईल अशी ओरड झाली, ते न्यायालयात आव्हानित झालं आणि ऑक्टोबरात मागे घेतलं गेलं. अटक झाली तेव्हा राज्यात एका आघाडीचं सरकार होतं, परिपत्रक निघालं तेव्हा दुसऱ्या युतीचं. अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देण्याची वेळ आल्याचं म्हटलं. त्या मजकुराशी तुम्ही सहमत असाल किंवा नसाल. माझ्या अनेक अशिलांना तो वाचून राग येईल. पण निर्णय ज्या तत्त्वावर उभा आहे ते तुमच्या ध्वजस्तंभाच्या अर्जालाही सावली देतं.

प्रत्यक्षात गुन्ह्यापेक्षा जास्त वेळा घडतं ते वेगळंच. गावात कुणी मंत्री किंवा बडा पाहुणा येणार असला की तक्रारखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला आदल्या दिवशी प्रतिबंधक नोटीस येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची. नोटीस बजावून थांबले तर ठीक. कधीकधी सकाळी गाडी येते, ‘साहेबांनी बोलावलंय, चहा घेऊन जा’ म्हणतात आणि पाहुण्यांचा ताफा हद्दीबाहेर जाईपर्यंत माणूस ठाण्यातल्या बाकावर. संध्याकाळी सोडून देतात. कागद काहीच नाही.

अशा वेळी मी अशिलांना सांगतो की भांडू नका, वेळ लिहून घ्या. नोटिशीच्या दोन्ही प्रतींवर सही करताना सहीच्या वर आपल्या हाताने लिहायचं: ‘नोटीस मिळाली. मजकूर मान्य नाही.’ खाली तारीख आणि घड्याळातली वेळ. ठाण्यात नेलं तर ठाणे अंमलदाराला शांतपणे विचारायचं, “माझी स्टेशन डायरीला नोंद कितीची आहे?” एवढं विचारलं की बऱ्याचदा आवाज बदलतो. कारण नोंद केली तर कोणत्या कलमाखाली बसवलंय ते लिहावं लागतं, आणि नोंद नाही तर बसवलंय कशाला हा प्रश्न येतो. एका कार्यकर्त्याच्या प्रकरणात आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. नोटिशीवर त्याने लिहिलेली सकाळची वेळ होती, आणि संध्याकाळी सुटल्यावर तसाच पोस्टात जाऊन पोलीस अधीक्षकांना केलेल्या रजिस्टर पत्राची पावती होती. मधले तास कुठे गेले हे सांगता सांगता समोरच्या बाजूची बोलती बंद झाली.

सत्तेला आवर घालणं म्हणतात ते रोजच्या व्यवहारात हे असं असतं. आपल्याकडे न्यायनिष्ठेचा विषय निघाला की रामशास्त्र्यांचं नाव निघतं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पद सोडून गेले, अशी ती कथा. शाळेत आपण सगळे ती ऐकून भारावलो. वकील झाल्यावर मला त्यातलं पुढचं खटकायला लागलं. शास्त्रीबुवा गेले, पण राघोबा पेशवेपदावर बसलेच होते. त्यांना खाली उतरवलं ते सखारामबापू आणि नाना फडणवीसांच्या बारभाईने, म्हणजे अनेकांनी मिळून केलेल्या बांधणीने, आणि तरी युद्ध व्हायचं ते झालंच. एका माणसाचं धैर्य थोर, पण सत्तेला ते नुसतं लाजवतं. थांबवायला नोंदवही लागते, अपील लागतं, ठरलेली मुदत लागते, दुसरं कार्यालय लागतं.

आणीबाणीने हेच महाग करून शिकवलं. राष्ट्राची सुरक्षा हेच कारण देऊन हजारो लोक आत टाकले गेले. नऊ उच्च न्यायालयांनी अशा माणसाची याचिका ऐकता येते असं म्हटलं, तर २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दार बंद केलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना, पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं. पण मला १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती जास्त मोलाची वाटते. तिने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा अशी अट टाकली आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही असं लिहून ठेवलं. ती करताना जे सत्तेवर होते ते स्वतःचेच हात बांधून घेत होते. असं क्वचित घडतं.

आता आबा. त्यांना चूक ठरवायची घाई करू नका, कारण ते जिथे आयुष्यभर राहिले तिथे ते बरोबरच होते. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला मुभा देतं की सैन्यदलात शिस्त राहावी म्हणून जवानांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालाव्यात. जवानाने वर्तमानपत्रात सरकारवर लिहू नये, मोर्च्यात जाऊ नये, हे योग्यच आहे. बंदूक हातात असलेला माणूस राजकारण बोलायला लागला की काय होतं ते शेजारच्या देशांत बघतोय आपण. सैन्याने गप्प राहणं हाही सत्तेला घातलेला आवरच आहे. पण आबा ३३ खाली जगले, तुम्ही १९ खाली, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या कलमाखाली, जगता. एकाच घटनेतली दोन कलमं. निवृत्तीनंतर आबाही १९ खाली आले, फक्त सवय राहिली.

आणि शपथ. फौजेत भरती झाल्यावर आबांनी शपथ घेतली असेल ती त्यांना आठवत असेल. तिची सुरुवात कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या राज्यघटनेशी खरी श्रद्धा आणि निष्ठा राखण्यापासून होते. वरिष्ठांचे हुकूम, जिथे पाठवतील तिथे जाणं, जीव धोक्यात घालणं, हे सगळं त्यानंतर येतं. तिच्यात कुठल्या पक्षाचं, पंतप्रधानांचं किंवा सरपंचाचं नाव नाही. मंत्रीसुद्धा त्याच घटनेची शपथ घेतो. म्हणजे आबा आणि मंत्री एकाच कागदाला बांधलेले. मंत्र्याने किंवा त्याच्या खालच्या कुणी तो कागद सोडला, तर ते दाखवून देणाऱ्याने कुणाशी द्रोह केला?

हे वादात जिंकण्यासाठी बोलू नका. माझ्याकडे माजी सैनिक अशील पुष्कळ येतात, बहुतेक जमिनीच्या आणि पेन्शनच्या कामासाठी. त्यांच्यापुढे ‘अधिकार’ म्हटलं की कपाळाला आठी पडते, ‘हिशेब’ म्हटलं की लगेच समजतं. पलटणीत क्वार्टरमास्तरच्या स्टोअरमधली एक ताडपत्री कमी भरली तरी चौकशी लागते आणि सही कुणाची ते शोधतात. तिथे कुणी म्हणत नाही की स्टोअरचा हिशेब मागणारा पलटणीचा वैरी. आबांना एवढंच विचारा की पलटणीत चालतं ते गावात का नको. स्मारकावर ज्यांची नावं कोरली आहेत त्यांच्या नावाने निघालेला पैसा आहे तो. त्याचं मोजमाप तर जास्तच चोख हवं. आबांना खरी भीती वेगळीच असेल. चारचौघांत नाव निघेल, भावकी तोंड फिरवेल, मुलाला त्रास होईल. ती भीती खोटी नाही, आणि तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला हे आपल्या राज्यातच घडलंय. म्हणून एकट्याने करू नका.

आता काय करायचं ते. अर्ज मागे घेऊ नका, पण तो नीट आहे का ते तपासा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय ना ते बघा. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहिलं असेल तर उत्तर येणार नाही, कारण ती माहिती कुठल्याच फायलीत नसते. कागदाचं नाव घ्यायचं: कामाचं अंदाजपत्रक, ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, मागवलेली दरपत्रकं, मोजमाप पुस्तिकेची पानं, पैसे दिल्याची प्रमाणकं, काम पूर्णत्वाचा दाखला. मोजमाप पुस्तिका सगळ्यात महत्त्वाची. कट्ट्याची लांबी-रुंदी-उंची तिथे लिहिलेली असते, आणि टेप घेऊन ती कुणालाही प्रत्यक्ष ताडता येते. माणसांची खासगी माहिती मागू नका. तिला नकार देणं आता आणखी सोपं झालंय आणि तुमच्या कामाला ती लागतही नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट लावून. पहिले अपिलीय अधिकारी कोण ते ग्रामपंचायतीच्या माहिती फलकावर असायला हवं. नसेल तर पंचायत समितीत विचारा. त्यानंतर राज्य माहिती आयोग, तिथे मात्र वाट बघण्याची तयारी ठेवा. दरम्यान ग्रामसभा सोडू नका. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात. तिथे उभं राहून ‘ध्वजस्तंभाच्या कामाचा खर्च वाचून दाखवावा’ एवढं एक वाक्य बोला आणि ते इतिवृत्तात आलं का ते पुढच्या सभेत बघा. दोन-चार माजी सैनिक सोबत उठून उभे राहिले तर देशद्रोही म्हणणाऱ्यांची पंचाईत होईल. आबा त्यांच्यात असतील की नाही हे मी सांगू शकत नाही.

ग्रुपवरच्या मजकुराचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढून ठेवा, मूळ चॅट पुसू नका, आणि उत्तर देऊ नका. खरंच नोटीस आली किंवा ठाण्यातून फोन आला तर लेखी मागा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या वकिलाला दाखवा. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आलीच, तर साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं. पण माझा अंदाज, तुमचं प्रकरण पहिल्या अपिलातच मिटेल. अर्ज दिल्याची पोच आणि तिच्यावरची तारीख तेवढी मला कळवा, म्हणजे अपिलाची मुदत कधी संपते ते सांगतो.